बिनविरोधचं बक्षीस बंद करा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जाहीर झाल्या की महाराष्ट्रात एक वाद ठरल्याप्रमाणे उभा राहतो. ‘निवडणूक बिनविरोध करा, गावाची एकी राखा’ असं एक बाजू म्हणते. त्यात आमदार असतात, गावातली जाणती मंडळी असतात, शहरात स्थिरावलेले पण जीव गावात अडकलेले नोकरदार असतात. ‘निवडणूक हा लोकशाहीचा प्राण आहे’ असं दुसरी बाजू म्हणते. ती बहुधा गावाबाहेरून बोलते, आणि निकालानंतरची पाच वर्षं त्या गावात काढायची वेळ तिच्यावर येत नाही. एकीला फक्त भांडण दिसतं, दुसरीला फक्त मतदानयंत्र. ज्या माणसाला त्या गावात तोंड उघडायची सोय नाही, तो या वादात कुठेच नसतो. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगतो. बिनविरोध निवडीला बक्षीस देण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. एकच अर्ज उरला तरी त्या उमेदवारावर गुप्त मतदान झालं पाहिजे. आणि गावाची एकी मोजायचीच असेल, तर ती अर्ज माघारीच्या दिवशी न मोजता ग्रामसभेत मोजली पाहिजे.

बिनविरोधच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि ते नाकारून पुढे जाता येणार नाही. हजार-बाराशे मतदारांचं गाव धरा. सात सदस्य, तीन प्रभाग. एका प्रभागात साडेतीनशे-चारशे मतं, आणि त्यातली निम्मी एकाच भावकीतली. विधानसभेला पडलेला उमेदवार मतदाराला नंतर भेटतही नाही. इथे पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डेअरीवर दूध घालायला येतो. ज्याच्या दारासमोर मुद्दाम डीजे थांबवून गुलाल उधळला, त्याच्याच बांधावरून पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर न्यायचा असतो. मग वाट अडते. सामाईक विहिरीच्या पाळीवरून पोलीस ठाणं गाठलं जातं. एका गावात दोन हरिनाम सप्ताह सुरू होतात, सख्ख्या चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाला माणूस जात नाही. खर्चाबद्दल तर काय सांगावं! ढाब्यावरची जेवणं, दारू, पुण्या-मुंबईच्या मतदारांना आणणाऱ्या गाड्या, शेवटच्या रात्रीची पाकिटं. पक्षाचं चिन्ह या निवडणुकीत नसतं, तरी कोणत्या पॅनेलमागे कोणता नेता आहे हे शाळकरी पोरही सांगतं. सदस्याचा बैठक भत्ता पाहिला, तर हा पैसा पुढे कशातून वसूल होणार हे उघड आहे. हे सगळं आयुष्यभर पाहिलेला एखादा म्हातारा ‘एवढ्यासाठी गाव कशाला फोडता?’ असं म्हणत असेल, तर तो लोकशाहीचा शत्रू होत नाही. त्याला अडाणी ठरवणारं लिखाण मी वाचलं आहे, आणि ते वाचून मला चीड आलेली आहे.

तरीही त्या म्हाताऱ्याला मी विचारीन: बाबा, बिनविरोध करायचं ठरवायला बसलं कोण होतं? ‘गाव बसलं’ असं आपण म्हणतो. बहुतेक ठिकाणी देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस पुरुष बसलेले असतात. दोन-तीन मोठ्या भावकींचे कर्ते, सोसायटीचे आजी-माजी चेअरमन, एखादा ठेकेदार. दलित वस्तीवर, धनगरवाड्यावर किंवा शिवारातल्या वाडीवर निर्णय कळवला जातो. बायका त्या बैठकीत नसतातच. आता हे आपल्या कायद्याशेजारी ठेवून पाहा. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आणि पंचायतीत अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी राखीव जागा आल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. सातजणांच्या ग्रामपंचायतीत आता चार बायका बसतात. पण त्या चार कोण, हे सभामंडपातले पुरुष ठरवणार असतील, तर ते कुणाला निवडतील? सवाल करणारीला की सही करणारीला? राखीव जागेवरचा दलित सदस्य त्याच्या वस्तीला हवा आहे म्हणून येईल की वरच्या आळीला त्याचा त्रास नाही म्हणून? सगळ्या गावांत असंच होतं असं मी म्हणत नाही. मात्र तसं झालं तर ते दुरुस्त करायची कोणतीही वाट बिनविरोध निवडीत उरत नाही, आणि निवडणुकीत ती थोडी तरी उरते.

ती वाट म्हणजे मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा. ज्याची मजुरी एका घरावर अवलंबून आहे, लेकीच्या लग्नासाठी ज्यानं त्याच घरातून उचल घेतली आहे, ज्याच्या घराकडे जाणारी पायवाट त्यांच्या शेतातून जाते, त्यानं भर बैठकीत उभं राहून ‘मला हा माणूस मान्य नाही’ म्हणावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? आडोशामागे मात्र तो अर्धा मिनिट कुणाचाच नसतो. लहान गावात ही गुप्तता विरविरीत असते, हेही मी जाणतो. मोजणी प्रभागनिहाय होते आणि ‘कुठल्या वस्तीनं दगा दिला’ याचा हिशेब संध्याकाळपर्यंत पारावर मांडला जातो. त्याचे परिणाम कामावरून बंद होण्यापर्यंत जातात. पण यावर इलाज गुप्तता वाढवणं हा आहे. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट गावातून निवडला जातो आहे. निदान त्या पदासाठी सगळ्या प्रभागांची मतं एकत्र मिसळून फक्त गावाची बेरीज जाहीर करणं अवघड का असावं?

भांडणाकडे पुन्हा वळतो, कारण बिनविरोधवाल्यांचा सगळा भर त्यावर आहे. निवडणुकीमुळे गाव फुटतं म्हणताना आपण क्रम उलटा धरतो. टँकर आधी कुणाच्या आळीत रिकामा होतो, घरकुलाच्या यादीत पक्कं घर असलेल्याचं नाव कसं आलं, गायरानावर कुणी कुंपण घातलं, पाणंद रस्ता कुणाच्या शेतापाशी येऊन थांबला, ही भांडणं निवडणुकीआधीच गावात असतात. निवडणूक त्यांना तोंड देते. तोंड बंद केलं म्हणून ती संपत नाहीत, ती पाच वर्षं आतून कुजतात. बिनविरोध झालेल्या गावांत वाटा अडत नाहीत? तिथे कोर्टकचेऱ्या नाहीत? डीजे, दारू आणि पाकिटं ही रोगट लक्षणं आहेत आणि ती आवरण्यासाठी आचारसंहिता आहे, पोलीस आहेत, खर्चाची मर्यादा आहे. हुंडा घेतला जातो म्हणून लग्नंच बंद करा असं कुणी म्हणत नाही.

आता बिनविरोधच्या बाजूचा सर्वांत वजनदार दाखला: हिवरे बाजार. दुष्काळानं उजाड झालेलं नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे गाव पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास उभं राहायला लागलं, आणि तीन दशकं तिथे पंचायतीची निवडणूक बिनविरोध होत राहिली. त्यामुळे ‘बिनविरोध झाले म्हणून विकास झाला’ हे वाक्य भाषणांत कायम येतं. पण तिथे विकास कशानं झाला ते नीट पाहू. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला मनाई आणि दर वर्षी ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, पाणी किती उरलं, म्हणून कोणती पिकं घ्यायची आणि कोणती टाळायची, हे तिथे सगळ्यांसमोर ठरतं. आपल्या मालकीच्या जमिनीत बोअर मारायचा नाही, ही अट माणूस पाळतो ती ठरवताना तो हजर होता म्हणून. बिनविरोध निवड हे त्या विश्वासाचं फळ होतं. आपण मात्र झाड लावायचं सोडून फळावर बक्षीस ठेवलं आहे. आणि जी गोष्ट फारशी सांगितली जात नाही ती ही, की जानेवारी २०२१ मध्ये हिवरे बाजारातही तीस वर्षांनंतर मतदान झालं. काही जण विरोधात उभे राहिले. पोपटरावांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. यात गावाचं काय बिघडलं? विरोध किती आहे ते कळलं, पाठिंबा किती आहे तेही कळलं. सभामंडपात ठरलेल्या निवडीतून ही माहिती कधीच मिळाली नसती.

दुसरा दाखला मेंढा-लेखाचा, आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. गडचिरोली जिल्ह्यातलं हे पाचेकशे वस्तीचं गोंड गाव बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ पासून ते आपला बांबू स्वतः विकू लागलं. तेव्हा मतदानाशिवाय गाव चालू शकतं का? चालू शकतं, हे मला मान्य करावं लागतं. पण त्या सहमतीची किंमत काय आहे पाहा. एका माणसाचा विरोध असला तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा चर्चा होते. आधी अभ्यासगट बसतो, विषयाची माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणकाराला विचारतो. बायका आणि पुरुष दोघंही बोलतात. एखाद्या प्रश्नावर महिनोन्‌महिने जातात. माघारीच्या मुदतीच्या आदल्या रात्री ‘तू अर्ज काढ, पुढच्या खेपेला तुझा विचार करू’ अशा बोलीवर जमवलेल्या तडजोडीनं मेंढ्याचं नाव घ्यावं, हा त्या गावावर अन्याय आहे.

एकमताच्या या ओढीचा इतिहासही आपल्याकडे जुना आहे. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेसमोर, म्हणजे गावातल्या सगळ्या थरांच्या जमलेल्या सभेसमोर, येई आणि निवाड्याचा कागद म्हणजे महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, कुलकर्णी लेखणीची, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची. महाराची साक्ष शिवेच्या तंट्यात महत्त्वाची मानली जाई. ही व्यवस्था आंधळी नव्हती. सगळ्या थरांची नोंद लागते एवढं तिला कळत होतं, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तिची वाखाणणी केली ती उगाच नाही. पण महजरावर निशाणी करणाऱ्या महाराला गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत होतं का? कागदावर सगळं गोत आणि व्यवहारात उतरंड, हे दोन्ही शतकानुशतकं एकत्र नांदलं. म्हणूनच १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या गोडव्याबद्दल कठोर शब्द काढले. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याला मानणाऱ्यांना ते शब्द आजही झोंबतात. मला ग्रामस्वराज्य हवं आहे, आणि ते हवं असल्यामुळेच आंबेडकरांचा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही असं वाटतं. गावाच्या एकमुखी आवाजात कुणाचा आवाज मिसळला आहे आणि कुणाचा दाबला आहे, हे तपासायचं साधन हाताशी नसेल, तर ते स्वराज्य पुन्हा वरच्या आळीचंच होईल.

बक्षिसांनी तर ही तपासणी विकतच घेतली आहे. २०२१ च्या निवडणुकीत पारनेर तालुक्यात बिनविरोध गावाला २५ लाखांचा विकासनिधी देण्याची घोषणा आमदारांनी केली होती. इतरही ठिकाणी अशा घोषणा झाल्या. गुजरातनं २००१ पासून ‘समरस गाव’ योजनेतून बिनविरोध गावांना सरकारी अनुदानच सुरू केलं. हेतू चांगला असेल. पण निधी जनतेचा आहे. मतदान केलं म्हणून एखाद्या गावाचा रस्ता मागे का पडावा? आणि ज्या तरुण पोरीला अर्ज भरायचा आहे तिच्यावर या घोषणेनं काय दाब येतो, याचा विचार कुणी केला? ‘तुझ्या एका अर्जापायी गावाचे पंचवीस लाख जातील’ हे वाक्य ऐकून किती जणी टिकतील? त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा जाहीर लिलाव झाला. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, ते योग्यच झालं. लिलावाचा पैसा देवळासाठी होता, स्वतःच्या खिशासाठी नव्हता, असं समर्थन तेव्हा ऐकू आलं. मग मला सांगा, लिलाव आणि बक्षीस यांत फरक किती? एकात पैसा गावातल्या धनिकाकडून येतो, दुसऱ्यात सरकारी तिजोरीतून. दोन्हीकडे किंमत एकाच गोष्टीची लावली जाते: दुसऱ्या कुणी उभं राहू नये.

आता दुसऱ्या बाजूशी माझं भांडण. निवडणूक झाली की लोकशाही झाली, असं मानणाऱ्यांनी एकदा ग्रामसभेला जाऊन बसावं. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढीही माणसं जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या खेपेला वीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. काही ठिकाणी प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी घरोघर फिरतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती झाल्याची नोंद असते, झालेली कुणाला आठवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ८० टक्के थेट ग्रामपंचायतीकडे आला. त्यातला किती पाण्यावर, स्वच्छतेवर खर्च झाला आणि स्वतःच्या उत्पन्नातले दिव्यांगांचे ५ टक्के कुठे गेले, हे विचारायला सभेत कुणी नसेल, तर चुरशीची निवडणूक होऊन काय उपयोग? हरलेलं पॅनेल ग्रामसभेला यायचं बंद होतं, जिंकलेलं पॅनेल त्यावर खूश असतं. या रिकाम्या ग्रामसभेतूनच पुढची बिनविरोध बैठक जन्म घेते, कारण मतभेद मांडायची दुसरी जागा गावाला माहीतच राहत नाही.

म्हणून एकच उमेदवार उरला तर त्याला आपोआप निवडून आलेला न मानता गावानं गुप्त मतदानानं ‘मान्य’ की ‘अमान्य’ हे सांगावं, असा बदल निवडणूक नियमांत व्हावा. अमान्य जास्त आली तर नव्यानं अर्ज मागवावेत. हे नवलाचं नाही. दारूच्या दुकानाविरुद्ध ‘आडवी बाटली, उभी बाटली’ असं मतदान महाराष्ट्रातल्या बायका करत आल्या आहेत, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांनी बाटली आडवी केली की दुकान बंद होतं. हात वर करून ठराव करायची वेळ आली असती, तर नवऱ्यासमोर आणि दुकानदारासमोर किती हात वर गेले असते? थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ग्रामसभेत गुप्त मतदानानं पक्का करायची तरतूदही कायद्यात आहे. काढताना गावाला गुपचूप विचारतो, तर बसवताना का विचारू नये? खर्च होईल, हा आक्षेप आहे. ज्या दिवशी शेजारच्या गावांत मतदान असतं त्या दिवशी या गावात एक-दोन केंद्रं अधिक, एवढाच तो खर्च. खरोखर एकी असलेल्या गावाला याची भीती वाटायचं कारण नाही. नव्वद टक्के ‘मान्य’ घेऊन आलेला सरपंच तालुक्यात ताठ मानेनं बोलेल.

बक्षीस द्यायचंच असेल, तर ज्या गावाच्या वर्षातल्या चारही ग्रामसभा तहकूब न होता झाल्या, महिला सभा खरोखर भरल्या आणि जमाखर्च वाचून दाखवला गेला, त्याला द्या. हजेरी खोटी लागेल ही शंका रास्त आहे. पण संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात तपासणी समित्या गावोगाव फिरून गटारं आणि शौचालयं पाहत होत्या, तशा त्या ग्रामसभेतही येऊन बसू शकतात. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या चार बायका निरीक्षक म्हणून पाठवल्या, तर त्या सभेत कोण बोललं, कुणाला बोलू दिलं नाही आणि हिशेबाचा प्रश्न आल्यावर काय उत्तर मिळालं, हे त्या कोणत्याही अधिकाऱ्याहून नेमकं सांगतील.